शब्दचर्चा : ‘प्रादेशिक वाहिनी’ की आणखी काही?

दिवाळीअंकवाली
ब्रिटनमधल्या जुन्या आयटीव्हीवर लेख लिहितेय. १९५५ साली तिथे जाहिरातींवर चालणारा टीव्ही सुरू झाला, तो एका कंपनीला न देता प्रदेशवार वाटून दिला होता. मँचेस्टरची ग्रॅनडा, न्यूकासलची टाइन टीज, प्लिमथची वेस्टवर्ड, ग्लासगोची स्कॉटिश. प्रत्येकीचा स्टुडिओ वेगळा, बातम्या वेगळ्या, जाहिरातदारही बरेचसे आपापल्या भागातले. यांना मी ‘प्रादेशिक खाजगी वाहिनी’ म्हटलं. संपादकांनी समासात लिहिलंय, ‘म्हणजे झी मराठीसारखी का?’ तशी नाही, एवढं कळतंय. मग शब्द कोणता?

मुळाक्षर
आधी ‘वाहिनी’ कुठून आली ते बघा. संस्कृतात वाहिनी म्हणजे नदी, आणि सैन्यही. अक्षौहिणीच्या हिशेबात ८१ हत्ती, ८१ रथ, २४३ घोडे आणि ४०५ पायदळ मिळून एक वाहिनी होते. मराठीत रक्तवाहिनी, जलवाहिनी, शववाहिनी सगळ्या वाहून नेणाऱ्या. चॅनेलला हा शब्द बसला तो त्याच अर्थाने, आणि छान बसला. पण वाहून नेणारी गोष्ट कुठली आहे हे त्यात येत नाही. तुमच्या ग्रॅनडाचं तर सगळं ‘कुठली’ यातच आहे.
(आणि ‘खाजगी’ की ‘खासगी’, हा धागा कृपया इथे उघडू नये. मागच्या वेळी चार दिवस चालला होता.)

वरळीचा मनोरा
आपल्याकडे यासाठी शब्द होता आणि तो रोज कानावर पडायचा : केंद्र. ‘दूरदर्शनचं मुंबई केंद्र’. २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. केंद्र म्हटलं की वरळीची इमारत, तो मनोरा आणि मनोऱ्याच्या लहरी जिथवर पोचतील तेवढा मुलूख. पुढच्या वर्षी पुण्याला चित्र दिसू लागलं ते सिंहगडावरून पुन्हा फेकल्यामुळे. म्हणजे डोंगर, उंची, अँटेनाची दिशा यांवर तुमचा प्रदेश ठरायचा. ‘आमची माती, आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’, आठवडाभराचे कार्यक्रम सांगणारी ‘साप्ताहिकी’, आणि मध्येच ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटी, हे सगळं केंद्राचं. १९८२ नंतर संध्याकाळी मराठी कार्यक्रम झाले की रात्री ‘दिल्ली लागायची’. हा शब्दप्रयोग घरोघरी होता. आपलं केंद्र संपलं, आता दिल्ली.

आयटीव्हीचा सांगाडा पुष्कळसा असाच होता. मनोरे सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाच्या मालकीचे, कार्यक्रम त्या त्या भागातल्या कंपनीचे, आणि रात्रीच्या मोठ्या कार्यक्रमांना सगळे एकत्र. ग्रॅनडाची ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली ती उत्तरेतल्या कामगार वस्तीची गोष्ट म्हणून, त्या भागाच्या बोलीत, आणि पाहिली मात्र सगळ्या देशाने. तेव्हा माझ्या मते आयटीव्ही ही वाहिनी आणि ग्रॅनडा हे तिचं एक केंद्र. फरक एवढाच की आपलं केंद्र सरकारी होतं. जाहिराती मुंबई केंद्रावरही १९७६ पासून आल्याच.

छत्रीवाला
मनोराकाकांचं बरोबर आहे, पण मग आपल्याकडे ‘खाजगी केंद्र’ असा शब्द का रुळला नाही? कारण ती वस्तूच नव्हती. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून टीव्ही प्रक्षेपित करायचा हक्क आपल्याकडे दूरदर्शनबाहेर कोणालाच मिळाला नाही. खाजगी मंडळी आली ती थेट उपग्रहावरून. झी टीव्ही १९९२ मध्ये, तोही २ ऑक्टोबरलाच, योगायोग बघा. १९९३ मध्ये तमिळमध्ये सन टीव्ही आणि मल्याळममध्ये एशियानेट. तेव्हा भारतातून अपलिंक करायला, म्हणजे कार्यक्रम वर उपग्रहाकडे पाठवायला, परवानगी नव्हती, कॅसेटी परदेशात पाठवाव्या लागत. मराठीत अल्फा मराठी (म्हणजे आजची झी मराठी) १५ ऑगस्ट १९९९ ला आली, वर्षभरात ई टीव्ही मराठी आणि तारा मराठी.

उपग्रहाला सिंहगड आड येत नाही. मुंबईत जे दिसतं तेच गडचिरोलीत, इंदूरला, बडोद्याला. म्हणून प्रदेशाची सीमा मनोऱ्याने ठरायची ती भाषेने ठरू लागली. ई टीव्ही मराठी तर हैदराबादच्या रामोजी फिल्मसिटीतून चालायची! आता हिला ‘केंद्र’ म्हणायचं तर कुठलं म्हणायचं?

दिवाळीअंकवाली
हे भारी आहे. म्हणजे ‘प्रादेशिक’ शब्द तोच राहिला आणि त्यातला प्रदेश निघून गेला.

मुळाक्षर
तो तसाही दिल्लीहून बघणाऱ्याचा शब्द आहे. अकरा-बारा कोटी लोकांच्या राज्यात घरी बसून जो चॅनेल बघतो त्याला तो प्रादेशिक वाटत नाही, तो ‘मराठी’ वाटतो. जाहिरातवाले ‘रीजनल’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हिंदी सोडून बाकी सगळं असतं.

सावंतवाडी लोकल
थोडा विरोध नोंदवतो. उपग्रहावर गेल्याने प्रदेश निघून गेला हे पूर्ण खरं नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये आमच्याकडे आकेरीला चित्रित झाली, मालवणी होती, आणि तो वाडा बघायला नंतर लोकांच्या गाड्या येऊ लागल्या. त्याच वर्षी ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरजवळच्या वसगड्यात. अल्फाच्या ‘आभाळमाया’च्या काळात सगळी पात्रं मुंबई-पुण्याचीच बोलायची, त्यामानाने हे पुष्कळ पुढे होतं.

वरळीचा मनोरा
मान्य, पण त्यात एक मेख आहे. मालिकेतलं मालवणी तुमच्यासाठी असतं त्याहून जास्त बाकीच्या महाराष्ट्रासाठी असतं. तुमच्या तालुक्यातला पूल वाहून गेला तर तो चॅनेल आपलं वेळापत्रक तुमच्यापुरतं बदलू शकत नाही. केंद्राला निदान ते शक्य असतं. स्थानिक रंग वेगळा, स्थानिक कार्यक्रम वेगळा. लेखात हे दोन शब्द वेगळे ठेवा.

केबल ऑपरेटर (निवृत्त)
स्थानिक कार्यक्रम कोणी केला विचारता? आम्ही. कोणी गृहीतच धरत नाही आम्हाला. नव्वदच्या दशकात जवळजवळ प्रत्येक शहरात केबलवाल्याचा स्वतःचा चॅनेल होता. लोक त्याला ‘वाहिनी’ कधीच म्हणाले नाहीत. ‘केबलवर लागलंय’ किंवा ‘सिटी चॅनेलला बघ’. गणपतीची मिरवणूक थेट, नगरपालिकेची सभा, शाळेचं गॅदरिंग, पाणी कधी येणार ते. खाली पट्टी फिरायची : अमुक साडी सेंटरमध्ये सेल, चि. तमुक यास वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्या पट्टीवरच आमचं घर चालायचं. १९९५ च्या केबल कायद्यानंतर नोंदणी, नियम आले, पुढे सेट-टॉप बॉक्स आले आणि बरेच जण मोठ्या कंपन्यांना जोडले गेले. काहींनी बातम्या धरल्या आणि टिकले.

दिवाळीअंकवाली
काका, वाढदिवसाचं वाचून उडालेच! वेस्टवर्डवर गस हनीबन नावाचा बाहुला-ससा होता. तो त्या भागातल्या मुलांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचा आणि मूल जितक्या वर्षांचं तितक्या उड्या मारायचा. १९८२ च्या सुरुवातीला वेस्टवर्डच्या जागी टीएसडब्ल्यू आली, तरी ससा राहिला.

केबल ऑपरेटर (निवृत्त)
बघा. आमच्याकडे ससा नव्हता, नुसता फोटो लावायचो. फोटोचे पैसे वेगळे.

पेडणे–पणजी
गोव्यातून एक भर. आमच्याकडे प्रुडंट, गोवा ३६५ अशा नावांनी कोकणी बातम्या केबलवरून घरात आल्या. राज्य लहान, त्यामुळे स्थानिक आणि राज्य यांत फारसं अंतरच नाही. इथे लोक सरळ ‘चॅनल’ म्हणतात. तुमच्या ग्रॅनडाच्या जवळ जाणारं काही शोधायचं तर इकडे शोधा.

छत्रीवाला
एक गोष्ट राहिली. ‘केंद्र’ लिहिलंत तर वाचकाला सरकारी वाटेल, आणि या कंपन्या तर सडकून पैसा कमवत होत्या. स्कॉटिश टेलिव्हिजनचे मालक रॉय थॉमसन यांनी या परवान्याला नोटा छापायचा परवाना म्हटलं होतं. शिवाय परवाना मुदतीचा. १९९२ अखेर लंडनच्या थेम्स कंपनीचा गेला, आयटीव्ही तशीच चालू राहिली. केंद्राचा परवाना जात नाही, कंपनीचा जातो. २००४ मध्ये कार्लटन आणि ग्रॅनडा एक होऊन एकच मोठी कंपनी झाली, तिथेही ‘केंद्र’ शब्द अडखळेल. मी लिहीन : पहिल्यांदा ‘प्रदेशवार परवाना मिळालेली टीव्ही कंपनी’, पुढे नुसतं ‘कंपनी’, आणि जिथे इमारत, स्टुडिओ, बातम्या यांचा विषय आहे तिथे ‘मँचेस्टर केंद्र’.

मुळाक्षर
अनुमोदन. ‘वाहिनी’ फक्त आयटीव्हीसाठी राखा. आणि छपाईआधी मुद्रितशोधन नीट करून घ्या. ‘वाहिनी’ची ‘वहिनी’ झाली की ग्रॅनडा वहिनी घरात येतील.

दिवाळीअंकवाली
पहिल्या मसुद्यात दोन ठिकाणी आल्या होत्या. ‘कंपनी’ आणि ‘केंद्र’ अशी विभागणी करते. संपादकांना हा धागाच पाठवते. फक्त एक : ‘वेस्टवर्ड सुरू झाली’ की ‘सुरू झालं’?

वरळीचा मनोरा
कंपनी असेल तर झाली. केंद्र असेल तर झालं.