मदत हवी आहे: बॅटमॅन नेमका कुठून वाचायला घ्यायचा?

मंडळी, नमस्कार. सोलापुरातून लिहितोय.

मुलगी आठवीत आहे. सुट्टीत मामाकडे बॅटमॅनचे दोन सिनेमे बघून आली आणि तेव्हापासून एकच धोशा, "पप्पा, ह्याची पुस्तकं असतात, आणा की." मोबाइलवरून जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून मागवलं. फोटोत मुखपृष्ठ झकास होतं. घरी पार्सल फोडल्यावर कणा बघितला, तर त्यावर बारीक '२'. 'सिटी ऑफ आउल्स', खंड दुसरा. पहिला खंड त्याच्याकडे नाही, परत घ्यायला तयार नाही, आणि कण्याचा फोटो मागायचं मलाही सुचलं नव्हतं. उघडलं तर सुरुवातीलाच घुबडांच्या वेशातले मारेकरी बॅटमॅनच्या वाड्यावर चालून आलेले. का, ते पहिल्या खंडाला माहीत.

माझ्या लहानपणी हा ताप नव्हता. वडिलांनी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा सुतळीनं बांधून माळ्यावर जपला होता. वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर, सगळे मराठीत बोलायचे. कुठलाही अंक ओढायचा, गोष्ट बहुतेक त्यातच सुरू आणि त्यातच खलास. वेताळ इतकी वर्षं कसा टिकला, हेही एका वाक्यात मिटायचं : हा एकविसावा, बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो. इकडे बॅटमॅन १९३९ पासून तोच एक माणूस, केस पिकायचं नाव नाही.

त्यात आकडे. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ह्या बॅटमॅनच्याच दुसऱ्या मालिकेचा हजारावा अंक २०१९ला आला म्हणतात. 'बॅटमॅन'चा अंक १ मात्र १९४०चा आहे, २०११चा आहे आणि २०१६चाही आहे. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो मी, आकड्यांना भीत नाही. पण हे लॉट नंबर कुणी टाकलेत? शिवाय त्याचा पोरगेला साथीदार रॉबिन म्हणे एक नाही, चार आहेत.

बजेट हजार-दीड हजार. पोरगी सेमी-इंग्रजीत, माझं इंग्रजी व्हाउचरपुरतं. कुठून सुरू करू?

होममैदान

लॉट नंबर विक्रीवाल्यांनी टाकलेत, काका. मुखपृष्ठावर '१' दिसला की नवा गिऱ्हाईक हात घालतो. '७१४' बघून दुकानातून मागं फिरतो. म्हणून बॅटमॅन काढणाऱ्या डीसी कंपनीनं २०११ला सगळ्या मालिका एकदम एकपासून सुरू केल्या. २०१६ला 'बॅटमॅन' पुन्हा एकवर आणला, आणि 'डिटेक्टिव्ह'ला मात्र जुना हिशेब जोडून थेट ९३४ दिला, म्हणून तर तो हजारापर्यंत पोचला.

नंबर सोडा, जोडी बघा. एक लेखक आणि एक चित्रकार काही वर्षं मालिका चालवतात, आपली गोष्ट सांगतात आणि जातात. गड्ड्याच्या यात्रेत कुठल्याही बाजूनं शिरा, पाळणा दिसतोच. तसं आई-बापाचा खून, गुहा, घरचा नोकर आल्फ्रेड, पोलीस अधिकारी गॉर्डन हे जो तो नव्यानं सांगतोच. तुमच्या हातातला खंड स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो यांचा आहे. त्याच्या आधीचा 'कोर्ट ऑफ आउल्स' मिळवा, त्यात २०११च्या मालिकेचे अंक १ ते ७ आहेत. तुमची निवड चुकली नाही, फक्त दारातून न शिरता खिडकीतून शिरलात.

कडकभाकरी

खरी सुरुवात हवी असेल तर 'इयर वन'. १९८७, लेखन फ्रँक मिलर, चित्रं डेव्हिड मॅझुकेली. जुन्या 'बॅटमॅन' मासिकाचे फक्त चार अंक, ४०४ ते ४०७. त्याच्या आधी १९८५-८६ मध्ये 'क्रायसिस' नावाची बारा अंकी मालिका काढून कंपनीनं आपल्या पन्नास वर्षांच्या गोष्टींचा गुंता एकदाचा विंचरला होता, मग बॅटमॅनचं पहिलं वर्ष नव्यानं सांगायची पाळी आली. त्यात बॅटमॅनइतकाच गॉर्डन आहे. बदली होऊन आलेला, आणि खातं सगळं सडलेलं. आपल्यासारख्या नोकरदाराला तोच जास्त कळतो. पण आधी तुम्ही वाचा, मुलीला लगेच देऊ नका. पुढं तेच गुंड लोक 'लाँग हॅलोवीन'मध्ये भेटतात. तेरा अंक, दर महिन्याच्या सणाला एक खून.

आणि 'किलिंग जोक' तिच्या हाताला लागू देऊ नका. सगळ्या याद्यांत पहिल्या पाचात असतं, पातळही आहे, स्वस्तात मिळतं. पण गॉर्डनच्या मुलीचं, बार्बराचं, त्यात जे करतात ते आठवीच्या मुलीसाठी नाही. मला स्वतःलाही ते कधी पटलेलं नाही.

तिच्यासाठी १९९२ला सुरू झालेलं 'बॅटमॅन ॲडव्हेंचर्स' बघा. कार्टूनवरून काढलेलं, इंग्रजी सोपं, बहुतेक अंकांत गोष्ट पूर्ण. तुमच्या इंद्रजालला सगळ्यात जवळचं तेच.

होममैदान

रॉबिनचं राहिलं. डिक ग्रेसन १९४०चा, मोठा होऊन नाइटविंग नावाचा स्वतंत्र हीरो झाला. मग १९८३ला जेसन टॉड. हा वाचकांना आवडेना, तर १९८८ला कंपनीनं दोन फोन नंबर छापले : जगवायचा असेल तर हा, मारायचा असेल तर तो. कॉलला पन्नास सेंट. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी गेलं पोरगं! आपल्याकडं हाउसिंग सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा असलं मतदान होत नाही. नंतर १९८९ला टिम ड्रेक, आणि २००६ला डेमियन, तो बॅटमॅनचा सख्खा मुलगा. मधे इतरही येऊन गेले, पण हे चार चेहरे ओळखले की काम भागतं.

सातरस्ता_रात्री_दहा

'कोर्ट ऑफ आउल्स' माझ्याकडे आहे. विकणार नाही, वाचायला देतो. एकच सांगून ठेवतो, पाचव्या अंकापाशी पानं आडवी होतात आणि मग चक्क उलटी. बॅटमॅन भुलभुलैयात अडकलेला असतो, म्हणून वाचणाऱ्यालाही पुस्तक हातात फिरवायला लावलंय. मी बाइंडिंग फसलं समजून भांडायला निघालो होतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी पार्क चौकात येतो, पुस्तक कव्हर घालून परत मिळेल. 'इयर वन' माझ्यासाठी मागवतोय, ह्या वेळी कण्याचा फोटो मागून. 'ॲडव्हेंचर्स' पगारानंतर.

मुलीला म्हटलं, पहिला खंड मिळतोय, तोवर दुसरा बाजूला ठेव. म्हणाली, "अर्धा झाला की. तुम्ही वाचा पहिल्यापासून."