विंचेस्टर ९२ ची .३५७ केली म्हणे! कौतुक करू की डोकं फोडून घेऊ?

गंजका_बोल्ट:
काल लेव्हरराजा यांनी फोटो टाकले. १८९५ सालची विंचेस्टर ९२ (१८९२ मॉडेलची लेव्हर रायफल), मूळची .३२-२० काडतुसाची. बॅरल रीबोअर करून, म्हणजे नळी आतून मोठी कोरून, जाड .३५७ मॅग्नम काडतुसाची केली, रिसीव्हर (यंत्रणेचा मधला सांगाडा) घासूनपुसून नवं ब्लूइंग, म्हणजे निळाकाळा थर, चढवलं आणि खाली मखलाशी: "लोखंड आहे, देव्हाऱ्यातला टाक नाही." वर अभिनंदनाचा पाऊस! प्रतिसाद लिहायला घेतला तो एवढा लांबला की वेगळा धागाच काढला.

साहेब, बोअर (नळीचं आतलं भोक) खराब होतं हे मान्य. मग लाइनर का नाही टाकला? जुनी नळी आतून मोठी करून तिच्यात .३२ चीच नवी नळी बसते. बाहेरचा अष्टकोन, अक्षरं, सव्वाशे वर्षांचा तपकिरी रंग, सगळं जागच्या जागी राहतं. तुम्ही नळी कापलीत, .३५७ ची रिम (काडतुसाच्या बुडाची कड) मोठी म्हणून बोल्टचं, म्हणजे काडतूस मागून अडवणाऱ्या भागाचं, तोंडही कापलंत. कापलेलं लोखंड परत उगवत नाही. आणि ते ब्लूइंग! रिसीव्हरच्या कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोल झाल्यात. फोटो मोठा करून बघा.

लेव्हरराजा:
आलात? वाटच बघत होतो.
ही रायफल दुर्मीळ वगैरे नाही. ९२ दहा लाखांवर निघाल्या. दहा लाखावी १९३२ साली अमेरिकेच्या युद्धमंत्र्याला भेट दिली होती, ती कापली असती तर तुमच्या शिव्या मुकाट ऐकल्या असत्या. माझी एका कोठारात तुळईला टांगलेली होती. नळीत पाहिलं तर रायफलिंग (गोळी फिरवणाऱ्या आतल्या खाचा) नाहीच, नुसता काळा बोगदा. .३२-२० आणि .३५७ ची पूर्ण लांबी जवळपास सारखी, त्यामुळे काडतूस आत सरकायला त्रास नाही. हे रूपांतर लोक पन्नाससाठ वर्षं करतायत. मी काही पहिला पापी नव्हे.

शंकासुर:
कॅलिबर बदललं की अँटीकपणा जातो का? कायद्यानं म्हणतोय.

गंजका_बोल्ट:
अमेरिकी फेडरल कायद्यात नाही. १८९८ किंवा त्याआधी बनलेली असली की झालं. काडतुसाची अट नंतरच्या प्रतिकृतींना आहे. राज्याराज्याचे नियम निराळे, ते आपापले पाहा. कायद्यानं अँटीक राहील हो, आमच्या नजरेत गेली.

धडाकेबाज:
राजे, जबरदस्त काम! माझ्याकडे सासरेबुवांची विंचेस्टर ७३ (१८७३ चं मॉडेल) आहे, .४४-४० काडतुसाची. तिचीही .४४ मॅग्नम करून घ्यावी म्हणतो.

नेमबाज_काकू:
अरे देवा. अजिबात नाही! ९२ म्हणजे जॉन ब्राउनिंग या रचनाकाराची करामत, बोल्टच्या दोन्ही अंगांना उभे अडसर. ७३ मध्ये बोल्ट धरून ठेवतात त्या गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या कड्या. .४४-४० चा दाब ११ हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास, .४४ मॅग्नमचा ३६ हजार. तो सगळा जोर तुझ्या गालापासून चार बोटांवर येणार आहे, बाळा.

धडाकेबाज:
पण नवीन ७३ .३५७ मध्ये मिळते की! मग?

नेमबाज_काकू:
ती नवी प्रतिकृती. पोलाद आजचं, काडतूस आजचं धरून बनवलेली. नाव सारखं म्हणून नातू आजोबांच्या वयाचा होत नाही.

लेव्हरराजा:
इथे मी काकूंच्या बाजूनं. ७३ ला हात लावू नका. (बघा बोल्टराव, मी राक्षस नाही.)

नेमबाज_काकू:
तुमचंही कौतुक करत नाहीये मी. मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही: ही बोअरं गंजतात कशामुळे? जुन्या प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातली पेट घेणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की नळीत क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो. लोक वरून तेल फासतात आणि खूश. क्षार तेलात विरघळत नाही! आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल.

तेलतूपमीठ:
बंदुकीत पाणी?? काकू, शुद्धीवर आहात ना? चाळीस वर्षं फक्त तेल वापरतोय. गंजाचा ठिपका नाही.

नेमबाज_काकू:
चाळीस वर्षं म्हणजे तुमची काडतुसं बिनक्षाराचीच. तसले प्रायमर अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आले. तेलाचं श्रेय घेऊ नका.

तेलतूपमीठ:
मला रसायनशास्त्र शिकवू नका. माझ्या मेव्हण्यानं असंच पाणी ओतलं, कोरडं न करता कपाटात ठेवली. आठवड्यात आतून शेंदरी.

नेमबाज_काकू:
"कोरडं न करता." तुम्हीच लिहिलंत. मी नाही.

तेलतूपमीठ:
शब्दांत पकडायची हौस दांडगी आहे तुमची. असो. पाण्यावर माझा विश्वास नाही.

शंकासुर:
काकू +१. मूळ विषय कुठे गेला?

गंजका_बोल्ट:
हा घ्या मूळ विषय. राजे, तिसऱ्या फोटोत नळीवर अजूनही ".३२ डब्ल्यूसीएफ" (.३२-२० चंच दुसरं नाव) हीच अक्षरं आहेत. उद्या तुम्ही नसाल, रायफल दुसऱ्याच्या हाती जाईल. तो अक्षरं वाचून .३२ चं बारीक काडतूस .३५७ च्या चेंबरमध्ये घालणार. मी अशाच एका रूपांतरित रायफलीतनं बार काढलाय. विकणारा काही बोलला नव्हता. काडतुसाचं पितळ मधोमध उभं फाटलं, वायू मागे आला, चष्मा होता म्हणून डोळा वाचला. फाटकं पितळ अजून टेबलावर ठेवलंय. माझा राग त्या ब्लूइंगवर आहे असं वाटत असेल, तर तोही आहेच.

लेव्हरराजा:
…हे राहिलं खरं. गनस्मिथला नवी अक्षरं ठोकायला सांगितलं होतं, त्यानं ठोकली नाहीत, मीही तपासलं नाही. सोमवारी घेऊन जातो. ब्लूइंगबद्दल मात्र माफी मागणार नाही.

गंजका_बोल्ट:
मागू नका. कडा तशाही परत येणार नाहीत.

धडाकेबाज:
मधले प्रतिसाद वाचले नाहीत, पण ७३ मूळ .४४-४० मध्येच ठेवतोय. बरं काकू, पाणी उकळतं घ्यायचं की कोमट?