मदत हवी आहे: पुढच्या चाकामागून ग्रीस गळतंय, वळताना कटकट

धागाकर्ता
शनिवारी गाडी डोंगरात न्यायची आहे आणि डाव्या पुढच्या चाकाच्या आतून काळं, पातळ काहीतरी ओघळून टायरवर आलंय. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी ओढली की कट-कट-कट आवाज येतो. मागच्याच महिन्यात निपलांमधून (ग्रीस गन लावायची छोटी तोंडं) भरपूर ग्रीस मारलं होतं. कोणतं ग्रीस भरू? लवकर सांगा.

खडकवाट
गाडी कोणती, साल काय? आवाज फक्त फोर-व्हीलमध्ये येतो की टू-व्हीलमध्येही? निपल म्हणजे नक्की कुठली?

जुनंचाक
आधी प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरकडून अ‍ॅक्सलला ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे अधिकच्या आकाराचे सांधे, बघा. माझ्या गाडीला असाच आवाज होता. चारही टोप्यांमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची. एखाद्या टोपीतून आलंच नाही तर क्रॉस बदला.

धागाकर्ता
क्रॉस बघून झालेत, ठीक आहेत. गाडी लँड क्रूझर ६० सिरीज, १९८६. आवाज फक्त फोर-व्हीलमध्ये. निपल म्हणजे खालची, शाफ्टची.

खडकवाट
मग ते ग्रीस चाकामागच्या जॉइंटपर्यंत पोचलेलंच नाही. तुमच्या पुढच्या अ‍ॅक्सलला बंद नकल (चाकासोबत वळणारं घर) आहे, आत सहा गोळ्यांचा बर्फील्ड जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद देणारा सांधा. त्याला निपल नसतं. नकलवर चौकोनी डोक्याचा प्लग असतो, तो काढून आत तार घाला. निघालेलं पातळ असेल आणि गिअर ऑइलचा उग्र गंधकी वास येत असेल, तर अ‍ॅक्सलचं आतलं सील गेलंय आणि डिफचं (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. नुसतं नवं ग्रीस भरलंत तर तेही पातळ होईल.

सिरीजवाला
ग्रीसच्या भानगडीत पडू नका, ९० नंबरचं गिअर ऑइल ओता. माझ्या लँड रोव्हर सिरीज ३ ला तिथे ऑइलच असतं, वर्षानुवर्षं तक्रार नाही.

खडकवाट
तुमच्या गाडीत क्रॉस जॉइंट आहे आणि बाहेरचं सील ऑइल धरायलाच केलेलं आहे. इथे बाहेर फक्त पुसणारी पट्टी आणि फेल्ट आहे, ते ऑइल अडवत नाहीत. ऑइल स्पिंडलमधून (चाक ज्यावर फिरतं ती पोकळ नळी) चाकाच्या बेअरिंगमध्ये शिरून तिथलं ग्रीस धुऊन टाकतं. हा सल्ला या गाडीला कृपया देऊ नका.

सिरीजवाला
बरं, पट्टीचं मान्य. पण जॉइंटला ऑइलने काही होत नाही, एवढं माझं म्हणणं कायम.

चिखलप्रेमी
मी तर सरळ क्रोमोलीचे (जास्त मजबूत पोलादाचे) जॉइंट टाकले, कायमची कटकट गेली. आणि टायरही मोठे घ्या, खडकावर फरक पडतो.

ग्रीसगन
त्यांनी टायर विचारलेले नाहीत. फुल लॉकवर, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवून, जोर लावताना कटकट म्हणजे जॉइंटमध्ये झीज आहे, ग्रीसने ती भरून येत नाही. थोडीच असेल तर बर्फील्ड शाफ्टवरून काढून डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावतात. पुढे जाताना जोर न झिजलेल्या बाजूवर येतो, काही काळ निघतो. रॉकेलने सगळं धुवा, पूर्ण वाळवा, जॉइंटच्या गोळ्यांमध्ये मॉलिब्डेनमचं ग्रीस बोटाने दाबून भरा, नकल पाऊण भरा. नकलचे वरचे-खालचे शिम (पातळ चकत्या) वेगळे ठेवा, अदलाबदल झाली तर नकलच्या बेअरिंगचा ताण बिघडतो. आणि अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारं तोंड) साफ करा. तो तुंबला की गरम डिफमध्ये दाब वाढतो आणि नवं सीलही गळायला लागतं.

धागाकर्ता
प्लग काढला. तारेवर काळसर पातळ लगदा, वास तसाच. डिफची पातळीही बोटभर खाली आहे. दोन्ही हब फ्री ठेवून (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवून) शनिवारी जाता येईल का?

खडकवाट
हब फ्री असले की बर्फील्ड फिरत नाही, त्यामुळे डिफमध्ये ऑइल पुरं करून घरापर्यंत आणायला हरकत नाही. डोंगरात नको. तिथे फोर-व्हील लागणारच, आणि चाकाची बेअरिंगही तपासायची राहिली आहेत.

धागाकर्ता
शनिवार रद्द केला. दोन्ही बाजूंची सीलं मागवतोय. नवं सील बसवताना ओठ कुठल्या बाजूला?

ग्रीसगन
ओठाची स्प्रिंग असलेली बाजू डिफकडे. शाफ्ट आत घालताना हाताने उचलून धरा, वजन सीलवर येऊ देऊ नका. शाफ्टच्या स्प्लाइनने (दात्यांनी) ओठ कापला तर सगळं परत उघडावं लागेल.