१८८५चं सॅन फ्रान्सिस्को आणि चिनी लाँड्री: कादंबरीचे तपशील तपासून हवेत

शाईदौत:
कादंबरीचा नायक चिनी धोबी, साल १८८५. तो एंजल आयलंड या सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बेटावरच्या चौकशीतून सुटून शहरात येतो, चायनाटाउनमध्ये पॅगोडा-छपराखाली लाँड्री टाकतो, परवान्यावरून अटक होते, तुरुंगात त्याची वेणी कापतात. यात काळाशी न जुळणारं काय आहे? आणि रस्त्यांचे तपशील कुठे बघावेत?

जुना नकाशा:
एंजल आयलंडचं आप्रवासी-चौकशीचं ठाणं १९१०मध्ये उघडलं. १८८५मध्ये अडवलेल्या माणसाला बऱ्याचदा बोटीवरच थांबवत. मग वकील गाठून संघराज्य न्यायालयात हेबियस कॉर्पसचा (बेकायदा अटकेतून सोडवण्यासाठीचा) अर्ज करायचा. ते प्रकरण नाट्यासाठी जास्त चांगलं आहे. पॅगोडा-छपरंही काढा. ती १८ एप्रिल १९०६च्या भूकंप आणि आगीनंतरच्या बांधकामातली. त्याआधीचं चायनाटाउन म्हणजे साध्या विटांच्या इमारती, आणि आजची ग्रँट अव्हेन्यू तिथे तेव्हा ड्युपॉन्ट स्ट्रीट होती.

लाँड्री शक्यतो चायनाटाउनबाहेर न्या. गिऱ्हाईक गोरं होतं, त्यामुळे या लाँड्र्या शहरभर विखुरलेल्या होत्या. जागेसाठी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे बघा: पिवळा रंग म्हणजे लाकूड, गुलाबी म्हणजे वीट. महापालिकेने १८८५मध्येच चायनाटाउनचा रंगीत नकाशा काढला होता. त्यात जुगार, अफू, वेश्यावस्ती ठळक दाखवली आहे. तो चिन्यांविरुद्धच्या मोहिमेचा भाग होता, म्हणून इमारतींच्या जागांपुरताच विश्वास ठेवा.

दफ्तरी:
अटकेचा प्रसंग नेमका बसतो. १८८०च्या नियमानुसार वीट-दगडाच्या इमारतीत नसलेल्या लाँड्रीला सुपरवायझर मंडळाची (शहराच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळाची) परवानगी लागे. शहरात सुमारे ३२० लाँड्र्या होत्या आणि त्यातल्या ३१० लाकडी. दोनशेवर चिनी अर्ज फेटाळले गेले, बिगरचिनी जवळपास सगळे मंजूर झाले. ली यिक नावाचा चिनी धोबी एकाच जागेत २२ वर्षं लाँड्री चालवत होता, अग्निशमन आणि आरोग्य खात्याचे दाखलेही त्याच्याकडे होते. तरी १० डॉलर दंड, न भरल्यास १० दिवस कैद. यिक वो हे त्याच्या दुकानाचं नाव, पण खटला त्याच नावाने गाजला आणि मे १८८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तुमची गोष्ट १८८५च्या अखेरीस संपत असेल, तर नायकाला हा निकाल ठाऊक असणार नाही.

तुरुंगात वेणी कापू नका. कैद्यांचे केस कापण्याचा नियम १८७९मध्येच न्यायालयात रद्द ठरला होता. रात्री दहा ते सकाळी सहा लाँड्रीचं काम बंद ठेवण्याचा नियम मात्र १८८५मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला. कामाचं वेळापत्रक त्यावर बेता.

शाईदौत:
धन्यवाद! लाँड्रीच्या आतलं काय दाखवावं? आणि नावं?

जुना नकाशा:
कोळशाच्या शेगडीवर तापणाऱ्या इस्त्र्या, खळीचं भांडं, छपरावर कपडे वाळवायचे लाकडी मांडव. हे मांडवही परवान्याच्या नियमात आले होते, म्हणजे कथानकात वापरता येतील. इस्त्रीआधी तोंडात पाणी धरून कपड्यावर फवारत, आणि त्यावरून गोरे शेजारी ओरडत.

नावात आडनाव आधी. जनगणनेत 'आह सिंग' अशी नावं सर्रास दिसतील, पण 'आह' हे हाक मारताना लावायचं, ते आडनाव नव्हे. भाषा कँटनीज किंवा सियी (दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातला भाग) इथली बोली ठेवा, मँडरिन नको. चीनला जाऊन पुन्हा अमेरिकेत येण्यासाठी मिळणाऱ्या परतीच्या दाखल्यावर फोटो दाखवू नका. तेव्हा उंची, वर्ण आणि शरीरावरच्या खुणा लिहीत. बायको-मुलं सोबत आणली असतील तर थांबा: चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी घालणाऱ्या १८८२च्या कायद्यानंतर मजुराच्या बायकोला येऊ देत नव्हते.