मदत हवी आहे: फाउंड्रीत कॅमेऱ्यावरची एआय तपासणी घ्यावी का? महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय

भट्टीकर:

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना आहे. वडिलांनी कपोलावर (कोकच्या जुन्या पद्धतीच्या भट्टीवर) सुरू केली, आता दोन इंडक्शन (विजेच्या) भट्ट्या आहेत. महिन्याला दीडशे टनांच्या आसपास माल निघतो. निम्मा ग्रे आयर्न (साधं ओतीव लोखंड), निम्मा एसजी (ग्राफाइटचे गोल कण असलेलं चिवट ओतीव लोखंड). ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग. एक निर्णय डोक्यावर आहे आणि तो एकट्याने घ्यायची भीती वाटते, म्हणून सविस्तर लिहितोय.

एका कंपनीने आम्हाला एआय तपासणी दाखवली. फेटलिंग (घासून साफसफाई) झालेलं कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, पट्ट्यावरून पुढे जातो, चार कॅमेरे फोटो घेतात आणि ब्लोहोल (वायूची भोकं), सँड इन्क्लुजन (अडकलेली वाळू), कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ), मिसमॅच (साच्याचे दोन अर्धे सरकणं) असं काही दिसलं की लाल दिवा लागतो. किंमत १८ लाख, ती पण म्हणे सवलतीची आणि महिनाअखेरीपर्यंतच. शिवाय दर वर्षी २ लाख ४० हजार लायसन्सचे. गिऱ्हाइकाकडून परत येणाऱ्या मालापायी आमचे महिन्याला सरासरी ९० हजार जातात. म्हणजे वर्षाला १० लाख ८० हजार. त्यातून लायसन्स वजा केलं तर दोन वर्षं आणि वर दोन महिन्यांत पैसे वसूल, असा हिशेब त्यांनी कागदावर मांडून दिला. हिशेबात चूक सापडत नाही, पण मन घेत नाही.

डेमो त्यांच्या ऑफिसात झाला, त्यांनीच आणलेल्या कास्टिंगवर. शेवटी त्यांनी गार्टनर या सल्लागार कंपनीचा तो नव्या तंत्राबद्दलच्या अपेक्षांच्या चढ-उताराचा आलेख दाखवला आणि सांगितलं की हे तंत्रज्ञान आता हवेतल्या अपेक्षांचं राहिलेलं नाही, आता थांबलात तर मागे पडाल. त्यातच आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या सप्लायर असेसमेंटमध्ये या वर्षी नवा रकाना आलाय: 'इंडस्ट्री ४.० साठी काय केलंत?' (म्हणजे कारखाना संगणक-सेन्सरशी जोडायला). आमचा ४० टक्के माल त्यांच्याकडे जातो. तो रकाना कोरा ठेवायचा म्हणजे छातीत धडकी भरते.

आता भीतीचं कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी मीच हट्टाने सहा लाख घालून सँड मिक्सरवर आणि भट्टीवर सेन्सर बसवले होते. केबिनमध्ये मोठा स्क्रीन, त्यावर वाळूतला ओलावा, धातूचं तापमान, युनिटं, सगळं. पहिले दोन महिने पाहुण्यांना दाखवण्यात गेले. मग ओलाव्याच्या सेन्सरवर वाळूचा थर बसायला लागला, आकडे भलतेच यायला लागले. ज्या पोराला सगळं येत होतं तो नोकरी सोडून गेला. सुपरवायझरने त्याची वही कधी सोडलीच नव्हती. स्क्रीन आज बंद आहे. वडील त्यावर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आणखी एक गोष्ट. तपासणीला आमच्याकडे तीन मावशी आहेत. त्यातल्या एक अठरा वर्षं हेच काम करतायत. एसजीच्या कास्टिंगवर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून सांगतात, "ह्यो लॉट बाजूला ठेवा." लॅबमध्ये बघावं तर नोड्युलॅरिटी (ग्राफाइटचे कण गोल असण्याचं प्रमाण) कमी निघते. कॅमेरा आल्यावर त्यांचं काय, हे मला कुणी विचारलेलं नाही, पण मी रोज त्यांच्यासमोरून जातो.

तर प्रश्न असा: कुठलंही नवं तंत्र आपल्या कारखान्यात चालेल की नाही हे घेण्याआधी तपासायचं कसं? ज्यांनी घेतलंय, किंवा विचार करून नाही म्हटलंय, त्यांनी कृपया लिहा.

चाकणचा क्वालिटीवाला:

दादा, मी गिऱ्हाइकाच्या बाजूचा माणूस. वीस वर्षं सप्लायर क्वालिटीत आहे. तुमच्या हिशेबातली चूक बेरजेत नाही, त्या ९० हजारांत आहे. ते कशामुळे जातात हे तुम्ही लिहिलेलंच नाही. आतलं श्रिंकेज (धातू थिजताना आकसून पडलेली पोकळी) मशीनिंग करताना उघडं पडतं. तो माल तुमच्याकडून निघताना वरून अगदी स्वच्छ असतो, आणि जगातला कुठलाही कॅमेरा कातडीच्या आतलं बघत नाही. सहा महिन्यांच्या डेबिट नोटा (खराब मालापोटी गिऱ्हाइकाने कापलेल्या पैशांच्या पावत्या) काढा आणि तीन ढीग करा: वरून दिसणारे दोष, आतले दोष, आणि माप किंवा हार्डनेसची तक्रार. पहिल्या ढिगाचे पैसे म्हणजे कॅमेऱ्याची जास्तीत जास्त कमाई. त्याच्या पुढे एक रुपया नाही.

त्या रकान्याचंही सांगतो. फॉर्मवर शब्द मोठा असतो, पण ऑडिटला आलेला माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो: हा तुकडा कोणत्या हीटचा (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या कोणत्या लॉटचा), त्या दिवशी केमिस्ट्री काय होती, पोअरिंगचं (धातू ओततानाचं) तापमान काय होतं, हे मला पाच मिनिटांत दाखवता का? कास्टिंगवर हीट नंबर उठवा, वहीतली नोंद त्याच दिवशी संगणकावर चढवा. याला १८ लाख लागत नाहीत.

दृष्टी आणि दिवे (पुणे):

मी मशीन व्हिजनमध्येच काम करते, त्यामुळे हे तंत्र वाईट आहे असं मी म्हणणार नाही. काचेच्या बाटल्या, गोळ्यांच्या स्ट्रिप्स, रंगवलेले पार्ट यांवर ते फार सुंदर चालतं. पण 'अचूकता' हा एकच आकडा कुणी सांगितला तर तिथेच थांबवा.

समजा हजार कास्टिंगमध्ये ३० खराब आहेत. एखादी सिस्टीम डोळे मिटून सगळ्यांना 'चांगलं' म्हणाली तरी ती ९७ टक्के बरोबर ठरते! आता दुसरी घ्या. ती खराब मालातले शंभरातले ९५ पकडते आणि चांगल्या मालात शंभराला पाच वेळा चुकते. ऐकायला उत्तम. पण ३० मधले २८-२९ सापडले आणि ९७० चांगल्यांतले ४८-४९ सुद्धा लाल झाले. म्हणजे लाल ढिगातले निम्म्याहून जास्त तुकडे चांगले. ते परत कोण बघणार? तुमच्या मावशीच. म्हणून दोन आकडे वेगवेगळे मागा: खराब माल किती सुटतो आणि चांगला माल किती अडकतो.

शिवाय तुमच्याकडे गंज असतो, शॉट ब्लास्टिंगची (लोखंडी गोळ्यांच्या माऱ्याने केलेल्या सफाईची) चमक रोज सारखी नसते, धूळ असते. आणि तुम्ही जॉबिंगवाले, ऑर्डरप्रमाणे वेगवेगळा माल करणारे. नवा पॅटर्न (मालाचा नवा आकार) आला की नवे फोटो, नवं शिकवणं, त्याचे पैसे वेगळे का, ते विचारा. इंटरनेट गेलं तर चालतं का, आणि ती कंपनी उद्या बंद पडली तर तुमचे फोटो आणि शिकवलेलं मॉडेल कुणाकडे राहणार, हेही लेखी घ्या. डेमो तुमच्याच मालावर मागा. मावशींना तीनशे तुकडे निवडू द्या, खराब कोणते ते फक्त त्यांना ठाऊक हवं.

सूत आणि माग:

इचलकरंजीहून. आमच्या गल्लीत साध्या मागांवरून रेपिअरवर (धोट्याशिवाय चालणाऱ्या मागांवर) जाताना काही जणांनी बाहेरून जुने माग आणले. माग चांगलेच होते, पण सुटे भाग आणि दुरुस्तीचा माणूस इथं नव्हता. एक कार्ड जळलं की माग तीन-तीन आठवडे उभा. मी दोन वर्षं थांबलो आणि जवळपास ज्याचा मिस्त्री मिळतो तोच माग घेतला. मागे पडलो असं मला वाटत नाही. बंद पडल्यावर किती तासांत कोण येणार, हे आधी विचारा, किंमत नंतर.

एक शिकवणारा:

व्यवस्थापन शिकवतो, पण तुमच्या बंद स्क्रीनबद्दल वाचून राहवलं नाही. त्यात तुम्ही स्वतःला दोष देताय, आणि ही गोष्ट जगभर घडलेली आहे.

एडिसनचं वीज केंद्र न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली सुरू झालं. तरी १९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या कारखान्यांच्या एकूण शक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा पाच टक्केही नव्हता. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये याची छान उकल केली. सुरुवातीला लोकांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसवली. वरचा लाइन शाफ्ट (सगळ्या मशीन पट्ट्यांनी फिरवणारा लांब दांडा), पट्टे, मशीनची जागा, सगळं होतं तसंच. फायदा थोडाच झाला. खरा फायदा मिळाला तो प्रत्येक मशीनला स्वतःची मोटार देऊन, कामाच्या क्रमाने मशीन मांडली तेव्हा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या शॉपमध्ये ज्यांनी लाइन शाफ्ट बघितलाय त्यांना हे लगेच पटेल. तुमचा सेन्सर आला, पण सकाळी आकडा बघून वाळूत पाणी कमी करायचं हे कुणाच्या कामात बसवलं होतं का? वही तशीच राहिली, याचा अर्थ शाफ्ट तसाच राहिला.

गार्टनरचा आलेख १९९५ पासून निघतो. एखादं तंत्र जगाच्या बोलण्यात कुठे आहे ते त्यातून कळतं. तुमच्या फेटलिंग शॉपमध्ये ते कुठे आहे, हे त्यात असूच शकत नाही. त्यापेक्षा आयोवातले मक्याचे शेतकरी बघा. रायन आणि ग्रॉस या दोघांचा १९४३ चा अभ्यास आहे. संकरित बियाण्याची बातमी पहिल्यांदा बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण पटलं ते शेजाऱ्याचं पीक बघून. आणि पटल्यावरसुद्धा त्यांनी सगळं रान एकदम पेरलं नाही. आधी थोडी जमीन, मग दर हंगामाला वाढवत नेली. २५९ शेतकऱ्यांपैकी १९४१ पर्यंत दोघे सोडून सगळ्यांनी ते बियाणं घेतलं होतं. म्हणजे सावकाश जाणारेही शेवटी पोचले.

भट्टीकर (नऊ दिवसांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार. जे सांगितलंत ते एकेक करून बघितलं.

आधी डेबिट नोटा. सहा महिन्यांचे ५ लाख ४० हजार. दोन रात्री बसून तीन ढीग केले. आतलं श्रिंकेज आणि मशीनिंगमध्ये उघडलेले ब्लोहोल: ३ लाख १० हजार. माप आणि हार्डनेस: ९० हजार. वरून दिसणारे दोष: १ लाख ४० हजार. म्हणजे कॅमेरा वर्षाला जास्तीत जास्त २ लाख ८० हजार वाचवणार, त्यातले २ लाख ४० हजार लायसन्सला. उरले ४० हजार. १८ लाख फिटायला ४५ वर्षं! हा आकडा मी तीनदा करून बघितला.

तरी चाचणी घेतली. त्या कंपनीने तयारी दाखवली, हे त्यांचं मोठेपण. मावशींनी तीनशे तुकडे निवडले, त्यात ४० खराब. सिस्टीमने ३३ पकडले, सात सुटले. चांगल्या २६० पैकी ३१ लाल झाले, आणि त्यातले बरेचसे नुसत्या गंजाचे डाग होते. सुटलेल्या सातांतला एक मावशींनी हातात घेऊन त्यांच्या इंजिनीअरला दाखवला, गेटजवळची (धातू साच्यात शिरतो तिथली) बारीक रेघ. त्याने वहीत लिहून घेतलं. मी त्यांना सध्या नको म्हणून कळवलं. ऑफर परत मिळणार नाही म्हणाले. चालेल.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ढीग करताना वडील येऊन बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा. आतल्या दोषांच्या ३ लाख १० हजारांतले २ लाख २० हजार एकाच ब्रॅकेटचे आहेत, हे त्यांनी नोटा चाळता चाळता पकडलं. मग म्हणाले, "याचा फीडर आपण लहान केला होता ना?" फीडर म्हणजे कास्टिंग थिजून आकसताना त्याला धातू पुरवणारा साठा. दोन वर्षांपूर्वी यील्ड (ओतलेल्या धातूतून निघणारा माल) वाढवायला मीच तो लहान केला होता. वाचलेल्या धातूचा हिशेब माझ्या लक्षात राहिला, परत येणाऱ्या मालाचा कुणी त्याच्याशी जोडलाच नाही.

म्हणून आता माझा प्रश्न बदललाय. सॉलिडिफिकेशन सिम्युलेशन (साच्यात धातू कसा थिजेल ते संगणकावर बघणं) जॉबवर्कने, म्हणजे बाहेरून पैसे देऊन, करून घ्यावं असं वाटतं. सॉफ्टवेअर विकत नको, या एका ब्रॅकेटपुरतं. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा, त्यावर भरवसा किती ठेवायचा?

चाकणचा क्वालिटीवाला:

दादा, तुम्ही जी माहिती द्याल तेवढाच त्याचा भरवसा. पोअरिंगचं तापमान कागदावरचं देऊ नका, पायरोमीटरने (तापमापकाने) पहिल्या आणि शेवटच्या मोल्डला (साच्याला) मोजलेलं द्या. कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन, सिलिकॉन वगैरेंचा एकत्रित आकडा) त्या हीटचं. मोल्ड किती घट्ट बसतो तेही सांगा, एसजीमध्ये मोल्ड सैल पडला की फीडर कितीही मोठा करा, श्रिंकेज येतं. आणि आधी त्यांच्याकडून जुन्या, म्हणजे आत्ताच्या मेथडिंगचं (फीडर, गेट यांच्या मांडणीचं) सिम्युलेशन करून घ्या. ते पोकळी जिथे दाखवतील तिथेच ती तुमच्या कापलेल्या कास्टिंगमध्ये सापडली, तरच नव्या फीडरचे पैसे द्या. कापल्याचं त्यांना आधी सांगू नका.

भट्टीकर:

हे फार उपयोगी आहे. उद्या पहिल्या शिफ्टला ब्रॅकेटची चार कास्टिंग कापतो, दोन पहिल्या मोल्डची, दोन शेवटच्या. कुठून कापायचं ते वडील खडूने आखून देणार आहेत. फोटो इथेच टाकतो.