मदत हवी आहे: व्हीपीएन जोडलंय, पण मोड ट्रान्सपोर्ट ठेवू की टनेल?

नमस्कार मंडळी. आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, दुकान नवी पेठेत. टॅली कारखान्यातल्या सर्व्हरवर, दुकानातली बिलंही तिथंच चढवायची. मी हिशेबाचा माणूस, पण 'तुला कॉम्प्युटर कळतो की' म्हणून राऊटरही माझ्याच गळ्यात. दोन्हीकडच्या राऊटरमध्ये आयपीसेक व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारी झाकलेली वाट) करून घेतलं. जोडणारा मोड 'ट्रान्सपोर्ट' ठेवून गेला, आता फोन उचलत नाही.

राऊटरला राऊटर पिंग होतो (हाक मारली की उत्तर येतं), दिवा हिरवा. पण दुकानातल्या कॉम्प्युटरवरून सर्व्हर (१९२.१६८.१.१०) सापडतच नाही. दुकानाची मालिका १९२.१६८.२ ची आहे, म्हणजे पत्त्यांची टक्कर नाही. मोड बदलला तर सुरक्षा कमी होईल का? शिवाय ईएसपीच्या जागी एएच असाही पर्याय दिसतो, तो काय?

उत्तर १
दादा, तुमच्याच धंद्यातलं सांगतो. ट्रान्सपोर्ट मोडमध्ये गाठीतला माल झाकला जातो, पण बाहेरची पत्त्याची चिठ्ठी मूळचीच राहते. म्हणून तो दोन टोकांच्या आपापसातल्या बोलण्यापुरता. तुमची टोकं राऊटर आहेत, कॉम्प्युटर नाहीत. टनेलमध्ये चिठ्ठीसकट अख्खी गाठ दुसऱ्या बारदानात शिवतात आणि वर नवी चिठ्ठी लावतात: या राऊटरकडून त्या राऊटरला. मधल्याला दोन सार्वजनिक पत्ते दिसतात, डेटाच्या पाकिटांचा आकार आणि वेळ कळते, आतला १९२.१६८ चा पत्ता किंवा बिल नाही. सुरक्षा कमी नाही, उलट जास्त झाकलं जातं. दोन्ही राऊटरवर मोड टनेल करा आणि दोन्ही मालिका भरा.

एएचला हात लावू नका, ईएसपीच ठेवा; माल झाकणारी पद्धत तीच. तो माल बदलला नाही एवढीच खात्री देतो, झाकत काहीच नाही. आणि वाटेत नॅट (आतल्या पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता लावणं) असलं की पत्ता बदलतो, एएचची तपासणी फसते. दुकानाच्या राऊटरपुढं ब्रॉडबँडचा मोडेम नॅट करत असेल तर नॅट-ट्रॅव्हर्सल चालू ठेवा. मग ईएसपी यूडीपी नावाच्या साध्या पाकिटात गुंडाळून ४५०० नंबरच्या पोर्टवरून जातं. कारखान्याकडं ५०० आणि ४५०० हे यूडीपी पोर्ट उघडे हवेत.

मूळ प्रश्नकर्ता
टनेल केलं, सर्व्हर सापडला! लेजर उघडतं, पण मोठा स्टॉक रिपोर्ट अर्ध्यात लटकतो. पिंग चांगला आहे.

उत्तर २
बारदानाचं वजन. इथरनेटवर पाकीट १५०० बाइटचं, पीपीपीओई (ब्रॉडबँडची लॉगिनवाली जोडणी) असेल तर १४९२. त्यात नवा आयपी हेडर (ती नवी चिठ्ठी) २० बाइट, यूडीपी ८, वर ईएसपीचं सामान. लहान पाकिटं जातात, भरलेली अडकतात. राऊटरवर टीसीपी एमएसएस (एका पाकिटात जास्तीत जास्त किती माल भरायचा ती मर्यादा) १३६० वर बांधा.

मूळ प्रश्नकर्ता
१३६० टाकलं, रिपोर्ट आला. मालकांना मात्र 'बारदान' एवढंच कळलंय, आता विचारतायत त्याचे वेगळे पैसे लागतात का.