मोटारबोटीच्या अपघातात हाताला कायमची इजा झाली. भरपाई कोणाकडे आणि कशी मागावी?

प्रश्न : महालकर ताई

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाचे वय ३८ असून इतवारीत त्याचे मोटार वाइंडिंगचे छोटे दुकान आहे. सात महिन्यांपूर्वी आम्ही घरची मंडळी नागपूरपासून दीड-दोन तासांच्या अंतरावरील एका जलाशयावर सहलीला गेलो होतो. तेथे खासगी ठेकेदार इंजिनाची बोट चालवतो. बोटीच्या बाजूला ‘क्षमता ६’ असे रंगवलेले होते आणि बसवले आम्हा नऊ जणांना. लाइफ जॅकेट फक्त मुलांना मिळाले. परतताना बोट वेग कमी न करता धक्क्यावर आदळली आणि कठडा धरून उभ्या असलेल्या भावाचा उजवा हात बोट व धक्का यांच्यामध्ये चेपला गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तर्जनी आणि मध्यमा आता पुरती वाकत नाहीत. पेचकस धरता येतो, पण तांब्याची बारीक तार गुंडाळता येत नाही, आणि त्याचे पोट त्याच कामावर आहे.

ठेकेदाराने रुग्णालयात १५,००० रुपये रोख दिले. नंतर घरी येऊन ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ अशा मजकुराच्या स्टॅम्प पेपरवर भावाच्या डाव्या हाताचा अंगठा उमटवून घेतला, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये होता. पोलिसांनी केवळ अदखलपात्र नोंद केली. आता कोर्टाच्या आवारात भेटलेले एक गृहस्थ म्हणतात की आधी एक पैसाही देऊ नका, भरपाई मिळाली की ३० टक्के द्या, मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावून देतो. हे योग्य आहे का? आणि अंगठा दिल्यामुळे सगळे दार बंद झाले आहे का?

उत्तर : सिव्हिल लाइन्सचा वकील

ताई, त्या गृहस्थांपासून आधी दूर व्हा. भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई केली आहे. ही पद्धत अमेरिकेत चालते आणि इंटरनेटवर बोट अपघात असे शोधले की तिकडच्याच जाहिराती समोर येतात, त्यामुळे अनेकांना ती इकडेही चालते असे वाटते. दुसरे म्हणजे मोटार अपघात न्यायाधिकरणात हा दावा टिकणारच नाही. तो कायदा रस्त्यावर वापरण्यासाठी बनवलेल्या वाहनांपुरता आहे. बोटीला इंजिन असले तरी ती त्या व्याख्येत बसत नाही. तेथे दावा लावून वर्ष-दोन वर्षे गेली आणि मग तो फेटाळला गेला, तर खऱ्या दाराची मुदत संपत आलेली असेल.

ते खरे दार म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पैसे घेऊन बोटीत बसवणे ही सेवा आहे आणि त्या सेवेतील निष्काळजीपणा ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरते. पैसे घरातील एकाच व्यक्तीने दिले असतील तरी अडचण नाही, कारण पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही ग्राहक मानली जाते. जलाशय शेजारच्या जिल्ह्यात असला तरी तक्रारदार जेथे राहतो तेथे, म्हणजे नागपुरात, तक्रार दाखल करता येते. भरपाई किती मागता यावर नव्हे, तर सेवेसाठी किती मोबदला दिला यावर आयोगाचा स्तर ठरतो. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली आहे. म्हणून दहा-पंधरा लाखांची मागणी असली तरी तिकीट काही शे रुपयांचे असल्याने तक्रार जिल्हा आयोगातच जाईल आणि तिला शुल्कही लागणार नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षे आहे. सात महिने गेले आहेत. घाबरण्याचे कारण नाही, पण रेंगाळण्यासारखेही नाही.

अंगठ्याच्या कागदाबद्दल सांगायचे तर तो दडवू नका, तक्रारीत पहिल्याच पानावर त्याचा उल्लेख करा. जो माणूस बँकेत आणि दुकानाच्या बिलांवर सही करतो, त्याच्याकडून प्लास्टर असताना, इजा कायमची आहे की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते अशा वेळी अंगठा घेतला गेला, हीच गोष्ट त्या कागदाची किंमत कमी करते. १५,००० रुपये मिळाल्याचे मान्य करा आणि ते मागणीतून वजा दाखवा. तिकिटामागे ‘प्रवास स्वतःच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असेल तर त्यानेही खचून जाऊ नका. हॉटेलच्या ताब्यात दिलेल्या गाडीच्या चोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले होते की ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. ते प्रकरण गाडीचे होते, परंतु युक्तिवाद इथेही लागू पडतो.

पोलिसांनी अदखलपात्र नोंद केली, हे मला पटलेले नाही. हाड मोडले असेल तर ती कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत होते. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ (ब) खाली, बेदरकारपणे जलयान चालवणे कलम २८२ खाली आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरून भाड्याने नेणे कलम २८४ खाली गुन्हा आहे, आणि हे तिन्ही गुन्हे दखलपात्र आहेत. ठाण्यात नकार मिळाला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. २८२ आणि २८४ या कलमांसाठी न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्षाचीच आहे, त्यामुळे आयोगातील दोन वर्षांपेक्षा हे घड्याळ आधी थांबेल.

उत्तर : आयोगात खेटे घातलेला

वकीलसाहेबांचे म्हणणे योग्य आहे, मात्र एक व्यावहारिक बाजू सांगतो. माझ्या आईचे प्रकरण बोटीचे नव्हते, एका करमणूक उद्यानातील पाळण्याचे होते, पण अडथळे तेच आले. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल अपेक्षित असला तरी प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. त्यातच समोरचा पक्ष म्हणतो की यात साक्षीपुरावा आणि उलटतपासणी लागेल, म्हणून दिवाणी न्यायालयात जा. आमच्याकडेही तसा अर्ज आला होता. तो फेटाळला गेला, कारण आमच्या बाजूला कागद चोख होते: पैसे भरल्याची यूपीआयची नोंद, रुग्णालयाचे एमएलसीचे (पोलिसांना कळवल्या जाणाऱ्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीचे) कागद, त्याच दिवशी काढलेली छायाचित्रे आणि दोन त्रयस्थ पर्यटकांची शपथपत्रे. घरच्यांची शपथपत्रे सगळेच देतात. त्रयस्थ माणूस मिळाला की रंग बदलतो.

ताई, बोटीच्या बाजूला रंगवलेला तो ‘६’ कुणाच्या छायाचित्रात आला आहे का, हे आजच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये पाहा. सहलीला गेलेला माणूस बोटीसमोर उभा राहून छायाचित्र काढतोच. सापडले तर ते व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवू नका, मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये जपून ठेवा. तो आकडा आज तिथे शिल्लक असेलच याची खात्री मी देणार नाही, रंगाचा डबा स्वस्त असतो.

दिवाणी दाव्याचा विचार करणाऱ्यांनी मुद्रांकाचा हिशोब आधी करावा. भरपाईच्या रकमेनुसार कोर्ट फी भरावी लागते आणि आपल्याकडचे दावे किती वर्षे चालतात हे सांगायला नको.

उत्तर : विमा सर्वेक्षक

ठेकेदाराकडे विमा आहे का, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार इंजिनावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र, चालकाचे सक्षमता प्रमाणपत्र आणि मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या जबाबदारीचा विमा या गोष्टी आवश्यक आहेत, आणि या कायद्यातील पाण्याच्या व्याख्येत तलावही येतो. पॉलिसी सापडली तर विमा कंपनीलाही विरुद्ध पक्ष करा, कारण ठेकेदाराच्या नावावर काही नसेल तर हातात आलेला आदेश वसूल करताना नाकी नऊ येतात. पॉलिसी नसेल तर तेही तुमच्याच बाजूचे आहे. विम्याशिवाय बोट चालवली, हे आयोगापुढे मांडता येईल. क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतली, हे मात्र वेगळे सिद्ध करावे लागेल.

भावाने बँकेतून वर्षाला २० रुपये कापली जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतली असेल, तर तिच्या अटी वाचून मगच आशा ठेवा. एक हात किंवा एक पाय पूर्णपणे निकामी झाला तर तिथे एक लाख मिळतात. दोन बोटे वाकत नाहीत एवढ्यावर दावा मंजूर होणे कठीण आहे. वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल तर तिच्यात बोटांसाठी वेगळी टक्केवारी दिलेली असते, ती पाहा.

महालकर ताई

सर्वांचे आभार. भाचीच्या मोबाइलमध्ये ‘क्षमता ६’ असलेले छायाचित्र सापडले. तीन शंका आहेत. जलाशय शासनाचा आहे, तर शासनालाही पक्षकार करावे का? भरपाईचा आकडा कसा ठरवायचा? आणि दोर घेऊन धक्क्यावर उडी मारणारा मदतनीस मुलगा त्याच दिवशी पायाला लागून पडला होता, त्याला ठेकेदाराने कामावरून काढले आहे. तो साक्ष देण्यास तयार आहे, पण घाबरतो.

उत्तर : सिव्हिल लाइन्सचा वकील

आकड्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक तक्रारी इथेच लंगड्या पडतात. लोक दवाखान्याची बिले जोडतात आणि ‘मानसिक त्रासापोटी पाच लाख’ असे लिहून मोकळे होतात. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने इजेच्या भरपाईचे भाग वेगवेगळे सांगितले आहेत: झालेला उपचार खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, पुढील कमाईतील घट, पुढील उपचार, वेदना आणि जगण्यातील सुखसोयींची हानी. तो निकाल मोटार अपघाताचा आहे, पण मोजणीची रीत म्हणून आयोगापुढे मांडता येतो. त्यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की वैद्यकीय प्रमाणपत्रावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घटीची टक्केवारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळपास संपते, लिपिकाची तशी संपत नाही. तुमच्या भावाला वैद्यकीय मंडळ कदाचित दहा-बारा टक्केच अपंगत्व देईल. तार गुंडाळणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने ते नुकसान त्याहून बरेच मोठे आहे आणि ते तुम्हाला दाखवावे लागेल.

उदाहरण म्हणून, महिन्याची कमाई २२,००० आणि कमाईतील घट २० टक्के धरली तर वर्षाचे नुकसान ५२,८०० होते. मोटार अपघातांच्या दाव्यांत ३६ ते ४० या वयासाठी १५ चा गुणक वापरतात. त्याने गुणले की ७,९२,००० येतात, आणि हा फक्त एका भागाचा आकडा झाला. पुरावा म्हणून आयकर विवरणपत्रे, दुकानाची बिलबुके आणि ज्या कारागिराला आता तार गुंडाळण्यासाठी मजुरी द्यावी लागते त्याच्या पावत्या ठेवा. मला विचाराल तर त्या मजुरीच्या पावत्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतात. अपंगत्वाचे प्रमाणपत्र खासगी डॉक्टरांचे न घेता मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या शासकीय रुग्णालयांमधून घ्या.

शासनाला पक्षकार करण्याबाबत माझे मत थोडे सावध आहे. जलसंपदा विभाग म्हणेल की आम्ही केवळ पाण्याचा वापर ठेक्याने दिला, पर्यटकाला सेवा दिलेली नाही, आणि आयोग ते मान्य करू शकेल. म्हणून आधी माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने ठेक्याचा करारनामा, बोटीची नोंदणी व तपासणी प्रमाणपत्र आणि विमा पॉलिसी यांच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर येणे अपेक्षित असते. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून लागू आहे, त्यामुळे पर्यटन संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाकडेही त्या ठेकेदाराची नोंदणी आहे का हे विचारून घ्या. करारात विभागाला तिकिटामागे वाटा मिळत असेल किंवा सुरक्षेची पाहणी करण्याची जबाबदारी विभागावर असेल, तर त्याला जरूर पक्षकार करा. दिवाणी दाव्यात शासनाला दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते, ग्राहक तक्रारीला ती अट नाही.

त्या मुलाला सांगा की त्याचा स्वतःचाही हक्क आहे. कामावर असताना इजा झाल्यास कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ खाली (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे) मालकाकडून भरपाई मिळते, त्यासाठीही दोन वर्षांची मुदत आहे आणि मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नसते. तोंडी कामावर ठेवले होते, एवढ्याने तो हक्क जात नाही. त्याचा अर्ज स्वतंत्र आणि आधी दाखल झाला, तर ‘तक्रारदाराने फोडलेला साक्षीदार’ हा आरोपही बोथट होतो.

खर्चाची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयाच्या न्याय मंदिर इमारतीतील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. महिला आणि दिव्यांग यांना ही मर्यादा लागत नाही. भावाच्या ज्या विवरणपत्रावरून कमाई सिद्ध करायची आहे, तेच तिथे पात्रतेसाठी जोडावे लागेल, म्हणून दोन्हीकडे आकडा एकच राहील याची काळजी घ्या. कमाई वाढवून लिहिण्याचा मोह इथे आड येतो. आणि तक्रार दाखल झाली की ठेकेदाराला नोटीस कोणत्या तारखेला पोचली ते लिहून ठेवा. तीस अधिक पंधरा अशा पंचेचाळीस दिवसांत त्याने लेखी जबाब दिला नाही, तर नंतर आलेला जबाब आयोगाला स्वीकारता येत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले आहे.